जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवर कॅनडा पीआर : लग्नाची तारीख नेमकी कुठली धरायची?

शेंगाचटणी | १३ जानेवारी २०२५, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं इथे नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माहेर मुरारजी पेठ, सासर जुळे सोलापूर. नवरा कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो, पीआर (कायमचा रहिवासी) आहे. डिसेंबरात लग्न झालं, १९ दिवसांची रजा संपली आणि तो परत गेला. आता तो मला स्पॉन्सर करणार. आठवडाभर आम्ही फॉर्म भरतोय आणि रोज कुठेतरी गाडी अडतेय.

पहिली अडचण नावाची. पासपोर्टवर माहेरचं नाव. लग्नात सासूबाईंनी हौसेने तांदळात नवं नाव लिहायला लावलं, आणि आम्ही शहाणे, लगेच जाऊन ते आधारवर चढवून आलो. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माहेरचं. पत्रिकेवर तिसरंच, घरातलं लाडाचं.

दुसरी, पुरावा म्हणून जोडायच्या फोटोंची. अल्बममध्ये आम्ही दोघं स्वित्झर्लंडच्या बर्फात उभे आहोत. प्रत्यक्षात लग्नानंतर आम्ही पंढरपूर-अक्कलकोटच्या पुढे गेलेलो नाही.

तिसरी, सासऱ्यांच्या ओळखीतले एक गृहस्थ दीड लाख मागतायत. "कागद द्या आणि निवांत बसा, काय लिहायचं ते मी बघतो" म्हणतात. सासरे तयार आहेत. मला ते 'काय लिहायचं ते मी बघतो' काही पचत नाहीये.

कुणी हे स्वतः केलंय का?

धोंडोपंत | १३ जानेवारी, ११:२०

सगळे निघाले. गड्ड्याच्या जत्रेला यायला तरी कुणी उरणार का गावात? परदेशातला संसार म्हटलं की आम्हाला आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस आठवतात. १९४१ ला चीनमध्ये लग्न केलं, फोटो मागितले नव्हते कुणी.

टोरांटोतला_बे | १३ जानेवारी, ११:३२

काका, ते पीआर घ्यायला गेले नव्हते की 🙂

ताई, दीड लाखवाल्याला एकच विचार : तुमचा परवाना क्रमांक काय? पैसे घेऊन कॅनडाची फाईल हाताळायची तर माणूस तिथला वकील पाहिजे, नाहीतर कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवानाधारक. त्यांच्या साईटवर यादी आहे, नाव टाकलं की दिसतं. नाव नसेल तर तो पुढे येणारच नाही, अर्ज तुझ्याच नावाने भरेल, आणि त्याने ठोकून दिलेलं खोटं तुझ्या सहीवर जाईल. खोटी माहिती सापडली तर ५ वर्षं बंदी. तेव्हा तो फोन पण उचलणार नाही बे.

नागवेली | १४ जानेवारी, सकाळी ६:१०

तीळगूळ घ्या सगळ्यांनी. मी मिसिसागाला असते, माहेर होटगी रोड. मुलाने सुनेची फाईल गेल्या वर्षी भरली, शेजारी बसून मीच कागद लावत होते. म्हणून सविस्तर लिहिते.

अगं, आधी भीती काढून टाक. नवरा-बायकोच्या स्पॉन्सरशिपला बहुतेकांना किमान पगाराची अट नाही. आई-वडिलांना बोलवताना असते, तुला नाही. मात्र तो सरकारी मदतीवर जगत नसावा (अपंगत्वाची मदत सोडून), आणि पीआर आहे म्हणजे तो कॅनडात राहत असला पाहिजे. तो जे हमीपत्र देतो ते तू पीआर झाल्यापासून ३ वर्षं त्याच्या मानेवर राहतं. मध्ये तुमचं बिनसलं तरी सुटत नाही. हे त्याला एकदा नीट वाचायला लाव. आमच्या चिरंजीवांनी न वाचताच सही केली होती, मग मी वाचून दाखवलं.

फी आम्ही भरली तेव्हा ८५ स्पॉन्सरची, ५४५ अर्जाची, ५७५ पीआर हक्काची, असे १,२०५ डॉलर. वर बायोमेट्रिक्सचे ८५. अर्ज नाकारला तर ते ५७५ परत मिळतात.

आता नाव. आधार कुणी मागत नाही, त्यामुळे ते विसर. अर्ज पासपोर्टवरच्या नावानेच भरायचा. फॉर्ममध्ये 'याआधी वापरलेली इतर नावं' असा रकाना आहे, तिथे तांदळातलं आणि लाडाचं, दोन्ही लिही. सोबत अर्धा पान खुलासा : आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत आहे, ते अमुक दिवशी ठेवलं, पासपोर्टवर बदललेलं नाही. एवढ्यावर भागतं. आत्ता पासपोर्ट बदलायला जाऊ नकोस, फाईल चालू असताना नंबर बदलला की आणखी एक निस्तरणं मागे लागतं.

फोटो. चेकलिस्टमध्ये जास्तीत जास्त २० लिहिलंय, म्हणजे वीसच. स्वित्झर्लंडचा एकही नको. फोटोग्राफरने न काढलेले हवेत. आमच्या फाईलमधला सगळ्यात चांगला फोटो म्हणजे पंगतीत मुलगा श्रीखंडाची वाटी सुनेकडे सरकवतोय आणि मागे व्याही जांभई देतायत. प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते लिही. 'मावशी' नुसतं लिहू नको, कुणाची मावशी ते लिही. तिकडच्या अधिकाऱ्याला सगळ्या साड्या सारख्याच दिसतात.

संभाषणाचा पुरावा १० पानांच्या आत. दीडशे पानं गुड मॉर्निंग पाठवणारे बघितलेत. भांडणाचं एखादं पान असू दे, लाजू नको.

खरा जीव आयएमएम ५५३२ या नात्याच्या माहितीच्या फॉर्ममध्ये आहे. कुणी ओळख करून दिली, पहिल्यांदा समोरासमोर कधी भेटलात, साखरपुडा झाला का, लग्नाला कोण आलं, जवळचं कोण नव्हतं आणि का. आपल्यासारख्या ठरवून झालेल्या लग्नाची सगळी गोष्ट तिथे सांगता येते. 'आत्याने स्थळ आणलं' असं सरळ लिही, उगाच प्रेमकथा रचू नको.

पार्क_चौक | १४ जानेवारी, दुपारी १:०५

नागवेलीताईंना +१. पण धागालेखिकेला एक प्रश्न, कुणीच विचारला नाही म्हणून विचारतो.

लग्न डिसेंबरात म्हणता. दाखल्यावर लग्नाची तारीख काय आहे? आणि तुमचे मिस्टर पीआर कधी झाले?

शेंगाचटणी | १४ जानेवारी, रात्री ९:४५

तुम्ही बरोबर तिथेच बोट ठेवलंत. हे मी धाग्यात लिहिलं नव्हतं, कारण घरात कुणी त्याला लग्न म्हणतच नाही.

तो दसऱ्याला १० दिवस आला होता, साखरपुड्यासाठी. सगळे म्हणाले, कागद आधी झाले तर तुझं लवकर होईल. दसरा साडेतीन मुहूर्तांतला, म्हणून १२ ऑक्टोबरला घरातल्या घरात उरकलं. गुरुजी, हार, सप्तपदी, तीन साक्षीदार, आणि वर मसालेभात. सोमवारी नोंदणीला गेलो. दाखल्यावर १२ ऑक्टोबर आहे.

आजेसासूबाई म्हणाल्या, "चातुर्मासात कुठं लग्न असतंय होय? हे आपलं कागदापुरतं." म्हणून खरं लग्न डिसेंबरात, कार्यालयात, आठशे पानं. मी फॉर्ममध्ये सगळीकडे डिसेंबरचीच तारीख लिहिलीय.

त्याचं पीआर ऑगस्टात झालं. ई-सीओपीआर (पीआर झाल्याचा ऑनलाइन दाखला) आहे त्याच्याकडे. तारीख बघायला सांगितलीय, तो झोपलाय अजून... चूक, कामावर आहे. मला वेळेचं गणित कधी जमणार देव जाणे.

हे फार वाईट आहे का?

पार्क_चौक | १५ जानेवारी, पहाटे १२:३०

ऑगस्ट आधी आणि ऑक्टोबर नंतर असेल तर वाचलात. उलटं असतं तर काय झालं असतं, ते माझ्या धाकट्या भावाच्या संसारात झालंय. लांब लिहितो, पण वाचा.

भावाची पीआरची फाईल एकट्याच्या नावाने चालू होती. दरम्यान लग्न ठरलं. आमच्याच घरातल्या शहाण्यांनी (मी त्यात होतो) मार्चमध्ये घरगुती लग्न लावून दाखला काढला, का तर भावजयीचा पासपोर्ट आणि पुढचं लवकर होईल. जूनमध्ये भाऊ कॅनडात उतरला. तिथे विचारलं, अर्ज केल्यापासून कुटुंबात काही बदल? तो म्हणाला नाही. खोटं बोलायचं म्हणून नाही. त्याच्या डोक्यात लग्न डिसेंबरातच होतं. अक्षता पडल्या नव्हत्या, वरात निघाली नव्हती, कसलं लग्न?

डिसेंबरात थाटात लग्न झालं आणि मग भावजयीची फाईल टाकली. दाखल्यावर मार्च. नामंजूर.

त्यांच्या नियमावलीत ११७(९)(ड) म्हणून कलम आहे. पीआर होताना जी बायको किंवा मूल तुम्ही दाखवलं नाही आणि म्हणून तपासलं गेलं नाही, ते पुढे 'फॅमिली क्लास'मध्ये, म्हणजे स्पॉन्सर करता येणाऱ्या कुटुंबीयांत, बसतच नाही. लग्न खरं आहे का, प्रेम आहे का, हा प्रश्नच तिथे येत नाही. अपिलाला गेलो. तिथे कळलं की माणूस फॅमिली क्लासमध्येच नसेल तर अपील मंडळाला सहानुभूतीचा विचार करायचा अधिकारच नाही. वकिलाचे पैसे गेले ते गेले.

शेवटी ज्या दारातून ती गेली ते असं : अशा न दाखवलेल्या जोडीदारांसाठी आणि मुलांसाठी २०१९ च्या सप्टेंबरपासून एक तात्पुरतं धोरण सुरू झालं होतं. त्या वेळी दाखवलं असतं तरी भावाच्या पीआरची पात्रता गेली नसती, हे सिद्ध करावं लागलं. मग नवीन फाईल, नवीन मेडिकल, नवीन पोलिस दाखला. लग्नापासून विमानतळापर्यंत जवळपास तीन वर्षं. भावाचं स्वतःचं पीआर धोक्यात आलं नाही हे नशीब, कारण माहिती दडवली म्हणून त्याच्यावरही कारवाई होऊ शकली असती.

आई अजून म्हणते, "कागद लवकर केला म्हणून उशीर झाला." तिला अजून समजावता आलेलं नाही, आणि वाक्य तसं खोटंही नाही.

तेव्हा तुम्ही डिसेंबर खोडा. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ७ : सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. तुम्ही १२ ऑक्टोबरला विवाहित झालात. चातुर्मास आजेसासूबाईंना आहे, कायद्याला नाही.

नागवेली | १५ जानेवारी, सकाळी ५:५०

पार्क_चौक, दंडवत. दाखल्याची तारीख विचारायचं मला सुचलंच नाही.

शेंगाचटणी, आता असं कर. सगळ्या फॉर्मवर लग्नाची तारीख १२ ऑक्टोबर. ५५३२ मध्ये दोन्ही समारंभ लिही : ऑक्टोबरात धार्मिक विधीने लग्न आणि नोंदणी, डिसेंबरात मुहूर्तावर सगळ्या नातेवाइकांसमोर सोहळा. पत्रिकेवर डिसेंबर आणि दाखल्यावर ऑक्टोबर, हा फरक अधिकाऱ्याच्या डोळ्यांत येणारच. त्याने विचारायच्या आत तू सांग. ऑक्टोबरातले फोटो पण घाल, मसालेभाताचे सुद्धा. त्याच्या पासपोर्टवरचे ऑक्टोबरातले येण्या-जाण्याचे शिक्के जोड, कारण नवरा किंवा बायको हजर नसताना लागलेलं लग्न ते धरत नाहीत.

आणि त्याला विचार, कॅनडाच्या आयकर खात्याला लग्न झाल्याचं कळवलंय का? स्थिती बदलली की पुढच्या महिन्याअखेर कळवायचं असतं. नाहीतर एका कागदावर विवाहित आणि करनिर्धारणाच्या कागदावर अविवाहित. आमचे चिरंजीव तेही विसरले होते.

शेंगाचटणी | १५ जानेवारी, सकाळी ७:१५

१९ ऑगस्ट!! ई-सीओपीआरवर १९ ऑगस्ट आहे. रात्रभर झोपले नव्हते.

आयकर खात्याला अर्थातच कळवलेलं नाही 🙏 आजच कळवतोय.

विडी_घरकुल | १५ जानेवारी, दुपारी ४:००

भाषांतराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेला प्रत्येक कागद भाषांतर करून, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो. घरच्याने केलेलं चालत नाही, बहीण इंग्रजीची प्राध्यापिका असली तरी.

आमची पत्रिका एका बाजूने तेलुगू, एका बाजूने मराठी, अशोक चौकात तसंच चालतं. भाषांतर हौसेने करून घेतलं आणि न वाचता पाठवणार होतो. बायको वाचत बसली आणि हसत सुटली. 'चि. सौ. कां.' हे त्या माणसाने तिचं पहिलं नाव समजून घातलं होतं. म्हणजे कॅनडा सरकारच्या लेखी मी चिसौकां नावाच्या बाईशी लग्न केलं असतं. माझं नाव 'चिरंजीव' होतंच. तेव्हा भाषांतर हातात आलं की ओळ न ओळ वाचा.

अजून एक. गेल्या १० वर्षांचा इतिहास महिन्यागणिक भरायचा असतो, मध्ये पोकळी नको. मी दोन वर्षं एमपीएससीचा अभ्यास करत होतो. ते 'बेरोजगार, स्पर्धा परीक्षेची तयारी' असंच लिहिलं. लाज वाटली, पण चाललं.

कडक_भाकरी | १५ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

अवांतर : माझी मावसबहीण अमेरिकेत नवऱ्यामुळे गेली. लग्नाला २ वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं म्हणून तिला आधी २ वर्षांचं शर्तीचं आलं, मग दोघांनी मिळून शर्त काढायचा अर्ज केला. कॅनडात पण असं असतं का?

टोरांटोतला_बे | १५ जानेवारी, ७:०२

होतं. २०१२ च्या ऑक्टोबरात आणलं होतं, २ वर्षं एकत्र राहायची अट. त्रास देणाऱ्या नवऱ्याच्या घरात बायका त्या अटीपायी अडकून पडायला लागल्या, म्हणून २०१७ च्या एप्रिलमध्ये काढून टाकलं. आता पहिल्या दिवसापासून पूर्ण पीआर.

पण आपल्या पोरांसाठी दुसरी अट आहे : जो स्वतः नवरा किंवा बायकोच्या स्पॉन्सरवर पीआर झाला, त्याला ५ वर्षं दुसऱ्या जोडीदाराला बोलावता येत नाही. कुणी 'एक झालं की दुसरं' असा प्लॅन करायला लागलं असेल तर सोडून दे बे.

अनामिक_४१२ | १६ जानेवारी, रात्री १:१५

नवीन आयडी काढून लिहितोय, समजून घ्या.

लग्न न झालेल्यांचं काय? आम्ही पुण्यात १४ महिने एका फ्लॅटमध्ये राहिलो. तो कॅनडाचा नागरिक, आता व्हँकुव्हरला परत गेलाय. आम्ही दोघंही पुरुष आहोत, हे सांगूनच टाकतो. इथे आमचं लग्न कायद्याने होत नाही. माझ्या घरी, सोलापुरात, कुणाला काही माहीत नाही. फ्लॅटमेट एवढंच माहीत आहे.

५५३२ मध्ये प्रश्न आहे की नातं कुणाकुणाला माहीत आहे. तिथे येऊन थांबलोय.

नागवेली | १६ जानेवारी, सकाळी ६:००

बाळा, थांबू नकोस. त्यांच्याकडे 'कॉमन-लॉ' म्हणजे लग्नाशिवाय सलग १२ महिने एकत्र राहिलेलं जोडपं, स्त्री-पुरुष असो की दोन पुरुष, नियम तोच. मोजणी मात्र कडक, आणि आपला भाडेकरार ११ महिन्यांचा असतो! तुमचा दुसरा करार झालाय का? दोघांची नावं आहेत का? असतील तर दोन्ही जोड, म्हणजे ११ चे १४ होतात. आयएमएम ५४०९ हे शपथपत्र आहे, ते करा. लाईट बिल, गॅस, पार्सलवरचा पत्ता, काहीही चालेल. आत्ता लांब आहात ते तात्पुरतं का आणि पुन्हा एकत्र कधी, ते लिहा.

आणि घरच्यांचं खरं लिही. घरी का सांगितलं नाही तेही लिही. तिथले अधिकारी हे पहिल्यांदा वाचत नसतात. ज्या दोन मित्रांना माहीत आहे त्यांची पत्रं घे.

धोंडोपंत | १६ जानेवारी, सकाळी ८:२५

अनामिक, मी बँकेत ३४ वर्षं काढली. जॉइंट खातं असेल तर मोबाईलवरून काढलेलं स्टेटमेंट नको, शाखेत जाऊन सही-शिक्क्याचं घ्या. दोघांची नावं आणि पत्ता त्यावर येतो ना ते काउंटरवरच बघा. खातं नसेल तर एकमेकांना पाठवलेल्या भाड्याच्या नोंदी काढा, दर महिन्याच्या. त्याला फार किंमत असते.

अनामिक_४१२ | १६ जानेवारी, ८:४०

काका 🙏 दुसऱ्या करारावर दोघांची नावं आहेत. पहिल्यावर पण.

शेंगाचटणी | १८ जानेवारी, रात्री १०:१०

अजून एक शंका आणि मग तुम्हाला छळत नाही.

आमचे कॉल रोज सकाळी साडेसहाला असतात, तिकडे रात्रीचे आठ. पण नोंद काढली तर दर चार-पाच दिवसांनी एक दिवस रिकामा. कारण त्या दिवशी पाणी येतं. साडेसहाला मी मोटार, पाइप आणि बॅरल यांच्यात असते. हे अधिकाऱ्याला कसं सांगू?

आणि संक्रांतीचा फोटो. पहिली संक्रांत म्हणून मला हलव्याचे दागिने घातले. जावई नाही तर जावयाचा हार कुणाला? आईने पाटावर तांब्याला टेकवून मोबाईल ठेवला, व्हिडिओ कॉलवर तो, आणि हार मोबाईलला घातला. पडद्यावर त्याचं अर्धं कपाळ आणि मागे बर्फ दिसतोय. घालू का हा? सासरे म्हणतात फाईलची चेष्टा होईल.

टोरांटोतला_बे | १८ जानेवारी, १०:१४

पाण्याचं लिहिलंस तर तो अधिकारी आपल्याकडे बदली मागून येईल बे. घाल की फोटो!

नागवेली | १९ जानेवारी, सकाळी ५:४०

रिकाम्या दिवसांचा खुलासा नको, रोज बोललंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. फोटो घाल. खाली लिही : लग्नानंतरची पहिली संक्रांत, तारीख, कुणाचं घर, हलव्याचा हार जावयाला घालायची पद्धत, नवरा ब्रॅम्प्टनहून कॉलवर. सासऱ्यांना सांग, स्वित्झर्लंडपेक्षा हा बरा.

शेंगाचटणी | २६ मार्च २०२५

धागा वर काढतेय. फाईल ऑनलाइन गेली, आणि काल ती दाखल करून घेतल्याचं पत्र आलं. एजंट नाही. बायोमेट्रिक्सचं पत्र आलं की पुण्याला जाऊन देईन, सकाळी हुतात्मा एक्सप्रेस, संध्याकाळी परत. मेडिकल आपल्या डॉक्टरांकडे चालत नाही, त्यांच्या यादीतल्याच हवं, म्हणून सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई. पोलिस दाखल्याचं आपल्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात होतंय.

आत्ताच जायचं की निकाल येईपर्यंत थांबायचं, यावर घरात दोन तट आहेत. व्हिजिटर व्हिसा मिळून तिथे कायदेशीर राहत असेन तर हे पत्र दाखवून ओपन वर्क परमिटला अर्ज करता येतो असं वाचलंय. सासूबाई म्हणतात जा. आजेसासूबाई म्हणतात, आषाढीनंतर परत चातुर्मास लागेल, त्याच्या आत जा.

हाराचा फोटो सतरावा होता.

अनामिक_४१२ | २६ मार्च, रात्री ११:५०

अभिनंदन ताई. माझीही गेल्या आठवड्यात गेली. बहिणीला सांगितलं. तिने पत्र लिहून दिलं, मराठीत. मागाहून जोडायला आता भाषांतर करून घेतोय. विडी_घरकुल, तुमचा तो चिसौकांवाला माणूस सोडून दुसरा कुणी आहे का?